ट्रीलेस जिनाला तंग आणि रिकिबी कशा निवडाव्यात

सांगाडा नसलेलं, म्हणजे ट्रीलेस, जीन घ्यायला निघालेला माणूस बैठक दाबून पाहतो, कातडं चोळून पाहतो, रंगावर विचार करतो. तंग, म्हणजे पोटाखालून जीन आवळणारा पट्टा, आणि रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या चौकटी, मात्र दुकानदार देईल त्या घेतो. सांगाड्याच्या जिनात हे बरंचसं खपून जातं. तिथे आतला लाकडी किंवा फायबरचा सांगाडा तंगाची ओढ आणि रिकिबीत टाकलेलं वजन आधी स्वतः झेलतो, मग मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या गाद्यांवर पसरवतो. ट्रीलेस जिनात हे झेलणारं कुणी नसतं. पट्टा जिथे शिवलाय तिथेच त्याचं ओझं पाठीवर उतरतं. तंगाचा पुढचा पट्टा आणि रिकिबीचा पट्टा एकाच जागी शिवलेले असतील, तर दोघांचा भार खांद्यामागच्या त्याच चार बोटं स्नायूवर येतो. म्हणून तंग ठरवताना रिकिबीकडे आणि रिकीब ठरवताना तंगाकडे बघावंच लागतं.

२०१२ साली मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी सांगाड्याचं आणि बिनसांगाड्याचं अशी दोन्ही जिनं दुडकी चालीत, स्वार बसलेला असताना, दाब मोजणाऱ्या चटईवर तपासली. ट्रीलेस जिनाखाली सर्वाधिक दाबाचा आकडा मोठा निघाला, आणि ११ किलोपास्कलपेक्षा (किलोपास्कल हे दाबाचं माप) जास्त दाब सोसणारा पाठीचा भागही मोठा निघाला. एका अभ्यासावरून ही जिनं मोडीत काढायची गरज नाही. मी स्वतः त्यांच्या बाजूचा आहे, आणि भरलेल्या खोगिरावर बसणं आपल्या मुलखाला काही नवं नाही. पण ‘ट्रीलेस घेतलं की पाठीला आपोआप आराम’ हे जाहिरातीतलं वाक्य डोक्यातून काढून टाकावं. आराम मिळतो तो खालचा नमदा, म्हणजे जीन आणि पाठ यांच्यामधली गादी, आणि पट्ट्यांची रचना नीट जमली तरच.

आधी घोडा बघा

गोव्यात खाजगी घोडे थोडेच, आणि ते नाना जातींचे. पुण्या-मुंबईच्या शर्यतींतून निवृत्त झालेले थरोब्रेड, मारवाडी, काठियावाडी, आणि कुठल्याच जातीत न बसणारी गोल पोटाची तट्टं. एकाला बसलेली रचना दुसऱ्याला बसेल याची खात्री नाही.

निवृत्त थरोब्रेडचे विदर्स, म्हणजे मान संपून पाठ सुरू होते तिथला उंचवटा, बहुधा उंच आणि धारदार असतात, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडलेले असतात. मऊ जिनाचा पुढचा भाग तंग आवळला की थेट त्या हाडावर टेकतो. अशा घोड्याला ट्रीलेस द्यायचंच असेल तर पुढे कडक कमान असलेलं जीन घ्या, नमद्याच्या पुढच्या खिशांत जाड पट्ट्या घाला, आणि स्वार बसलेला असताना विदर्सच्या वर दोन बोटं मोकळी जात आहेत ना ते तपासा. स्वार नसताना मोजलेली जागा काही कामाची नाही. गोल तट्टाचं दुखणं उलट. विदर्स जवळजवळ नसतातच, जीन एका कुशीवर फिरतं, आणि मालक ते थांबवायला तंग आवळत सुटतो. तिथे तंगाने काम होत नाही, खालच्या नमद्याने होतं. त्याकडे पुढे येतो.

वजनाचा हिशेब याच टप्प्यावर उरकून घ्या. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहावं ही रूढ मर्यादा आहे. २००८ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात २५ आणि ३० टक्क्यांवर घोड्यांच्या स्नायूंत दुखरेपणा आणि ताण वाढलेला दिसला होता. साडेतीनशे किलोच्या घोड्यावर जीन, नमदा, कपडे धरून ७० किलो. ट्रीलेसच्या बाबतीत मी हा आकडा आणखी काटेकोरपणे पाळेन, कारण रिकिबीत उभं राहिलेलं जड माणसाचं वजन पसरवायला इथे सांगाडा नाही.

तंगाची खाच शोधणं

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि सगळ्यात जास्त वगळला जाणाराही. घोड्याच्या पुढच्या पायाच्या कोपरामागे छातीचा घेर एका ठिकाणी सगळ्यात कमी होतो. तंग तुम्ही कुठेही बांधा, चार पावलांत तो सरकत त्या खाचेत जाऊन बसतो आणि जाताना जिनाला बरोबर ओढून नेतो. काही घोड्यांची खाच कोपराच्या अगदी मागे लागून असते, काहींची वीतभर मागे.

घोडा सपाट जमिनीवर, चारही पाय सारखे ठेवून उभा करा. शहाबादी फरशीचा ओटा असेल तर उत्तम, अंगणातली उतरती जमीन नको. कोपरामागून हात पोटाखाली सरकवत न्या. बरगड्या आत वळून पुन्हा बाहेर येतात ती जागा हाताला कळते. डोळ्यांवर भरवसा नसेल तर जिनाशिवाय एक रुंद पट्टा सैलसर बांधून घोड्याला पाच-दहा मिनिटं हाताने चालवा. पट्टा जिथे स्थिरावेल ती खाच. तिथे खडूने उभी रेघ मारा, आणि ती रेघ कुशीपर्यंत वर न्या.

आता नमदा आणि जीन ठेवा, तंग न बांधता. जीन आधी थोडं पुढे ठेवून मागे सरकवा, म्हणजे केस उलटे पडत नाहीत. खांद्याच्या पात्याच्या मागच्या कडेपासून दोन-तीन बोटं मागे ते थांबलं पाहिजे. पाय पुढे गेला की पातं मागे झुकतं, त्याला तेवढी वाट हवी. मग गवंड्याचा ओळंबा घ्या, नसला तर दोऱ्याला एखादा नट बांधा, आणि तंगाचे पट्टे जिनाला जिथे जोडलेत तिथून तो सोडा. दोरा आणि खडूची रेघ एकमेकांपासून किती लांब पडतात ते बघा. रेघ दोऱ्याच्या पुढे असेल तर तंग जीन खांद्यावर ओढणार. रेघ मागे असेल तर जीन मागे सरकणार. हे क्वचित होतं, पण पोट वर ओढलेल्या सडपातळ शर्यतीच्या घोड्यांत दिसतं. दोरा रेघेवर पडला तर तुमचं नशीब थोर.

सरळ पट्टे की व्ही

ट्रीलेस जिनांत तंग जोडायच्या पद्धती मोजक्याच आहेत. पहिलीत दोन पट्टे बैठकीच्या पुढच्या भागातून सरळ खाली येतात. तंगाची सगळी ओढ जिनाच्या पुढच्या टोकावर. कडक कमान असेल तर कमान ती पेलते, नसेल तर जिनाचा पुढचा भाग स्नायूंवर चिमटल्यासारखा बसतो आणि मागचा भाग दुडकीत उडत राहतो. खाच पुढे असलेल्या घोड्याला हे पट्टे बरोबर खाचेवर येतात एवढाच त्याचा गुण. दुसरी पद्धत मधोमध पट्ट्यांची. ओढ सारखी पसरते, पण गोव्यात मी पाहिलेल्या बहुतेक घोड्यांची खाच तेवढी मागे नसते, त्यामुळे जीन पुढे सरकतं.

तिसरी व्ही पद्धत. एक पट्टा पुढून, एक मागून येतो, आणि दोन्ही खाली एका कडीत किंवा सरकत्या बकलात मिळतात. मला विचाराल तर ट्रीलेससाठी हीच घ्यावी, आणि तीही दोन्ही पट्टे वेगवेगळे लांब-आखूड करता येतील अशी. पुढचा पट्टा आखूड आणि मागचा लांब केला की कडी पुढे सरकते, उलट केलं की मागे. अशी ती खडूच्या रेघेवर आणायची. मात्र याला हद्द आहे. कडी पुढच्या पट्ट्याच्या अगदी सरळ खाली आली की सगळी ओढ पुढच्या पट्ट्यावरच येते आणि मागचा नुसता शोभेला उरतो. मग ती नावाची व्ही. अशा वेळी कडी थोडी मागेच ठेवा आणि उरलेलं अंतर तंगाच्या आकाराने भरून काढा.

व्ही बांधल्यावर दोन्ही पट्ट्यांखाली बोट घालून ताण बघा. पुढचा किंचित जास्त ताठ असायला हरकत नाही. मागचा पट्टा पुढच्यापेक्षा ताठ असेल तर जिनाचं बूड कमरेवर दाबलं जातं आणि पुढचा भाग उचलून डुलतो. हे दोन्ही बाजूंना तपासा. कडीचं ठिकाण डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरं अशी जिनं मी बऱ्याच वेळा पाहिली आहेत, आणि मालक मात्र घोडा एका बाजूला झुकतो म्हणून नालबंदाला बोल लावत असतो.

वेस्टर्न धाटणीच्या ट्रीलेसला मागे दुसरा तंग असतो. आपल्या साध्या फिरतीला त्याची गरज नाही. लावलाच तर पोटाला टेकेल इतपतच ठेवा, आणि पुढच्या तंगाला एका छोट्या पट्ट्याने जोडा, नाहीतर तो मागे सरकून जांघेत जातो आणि शांत घोडासुद्धा उधळतो.

तंग कसला आणि केवढा

२०१३ साली ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासात तंगाखालचा दाब मोजला गेला. सर्वाधिक दाब छातीच्या हाडाखाली नव्हता. तो दोन्ही बाजूंना, कोपरांच्या लगेच मागे होता. तो कमी करणारा तंग वापरल्यावर घोड्यांचे पुढचे पाय जास्त पुढे पडले. तेव्हा तंग घेताना पहिली नजर कोपरामागच्या भागावर टाका. तिथे तो आत कापलेला हवा, मधे छातीखाली रुंद हवा. खाच पुढे असलेल्या घोड्याला मधला भाग पुढे वळलेला तंग घ्या. त्याचा मधला भाग खाचेत बसतो आणि टोकं मागे राहतात, त्यामुळे पट्टे सरळ खाली येतात. खाच दोऱ्यावरच पडत असेल तर सरळ तंग स्वस्तात काम करतो.

लांबीचं माप जिनावरच घ्या. डाव्या पट्ट्याच्या मधल्या भोकापासून पोटाखालून उजव्या पट्ट्याच्या मधल्या भोकापर्यंत टेप लावा, नमदा खाली ठेवूनच. बाजारात तंग इंचांत आणि दोन-दोन इंचांच्या फरकाने मिळतात. मधलं माप आलं तर धाकटं घ्या, कारण घोडा कामाला लागला की पोट आत जातं. ट्रीलेसचे पट्टे बहुधा लांब असतात, म्हणजे आखूड तंग लागतो, आणि आखूड तंगात बकल कुठे येतं याला फार महत्त्व. बकल कोपराच्या टोकापासून निदान चार बोटं वर हवं. बकल कोपराच्या पातळीला आलं तर पाय मागे येताना दर पावलाला कातडी त्यात चिमटते.

लवचीक पट्टी दोन्ही टोकांना हवी, नाहीतर अजिबात नको. एकाच बाजूला लवचीक असलेला तंग जीन दुसऱ्या बाजूला खेचतो, आणि ट्रीलेसला तेवढं निमित्त पुरतं. मला विनालवचीक तंग आवडतो. लवचीक पट्टीमुळे हात हलका वाटतो आणि माणूस नकळत एक-दोन भोकं जास्त चढवतो.

माल निवडताना गोव्याची हवा लक्षात घ्या. निओप्रीन, म्हणजे रबरासारखं कृत्रिम कापड, धुवायला सोपं, घसरत नाही, पण मे महिन्यात त्याखाली घामाचं डबकं होतं आणि कातडी भिजून सोलवटते. मोहेरच्या, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांच्या, दोऱ्यांचा तंग हवा खेळू देतो, लवकर सुकतो, पण गवताची कुसळं आणि लाजाळूचे काटे त्यात अडकतात, ते रोज हाताने वेचावे लागतात. मेंढीची लोकर थंडीत छान, पावसाळ्यात चार दिवस सुकत नाही. चामडं सगळ्यात टिकाऊ, जर रोज पुसणारं माणूस असेल तर. रोजच्या वापराला मी मोहेर घेईन, आणि समुद्रावर जायला एक निओप्रीनचा वेगळा ठेवीन. साधा सुती पट्टा इथल्या दमटपणात शिलाईतून कुजतो, तो सोडाच.

ट्रीलेस फिरतं म्हणून तंग जास्त आवळणारे फार भेटतात. मूळ दुखणं बहुधा नमद्यात असतं. मऊ जिनाखाली मणक्याच्या दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या असलेला आणि मधे तीन-चार बोटं रुंद मोकळी वाट असलेला नमदाच चालतो. सपाट चादर घातली की जीन पाठीवर लोळतं. असा नमदा घालूनही फिरत असेल तर खालची बाजू न घसरणारी बघा, आणि स्वाराला बिनरिकिबीची बैठक शिकवा.

बांधताना पहिल्यांदा फक्त जीन पडणार नाही इतपत बांधा. घोडा थोडा चालवा. मग दोन्ही बाजूंना एक-एक भोक. चढायच्या आधी एकदा, आणि स्वारीच्या पहिल्या दहा मिनिटांनंतर एकदा. आवळताना पोट फुगवून धरणारा घोडा या पद्धतीने आपोआप सैल पडतो, गुडघा मारायची गरज नाही. ताण कुशीवर तपासू नका, तिथे खड्डा असतो आणि तंग नेहमी सैलच वाटतो. दोन पुढच्या पायांमधे, छातीच्या हाडाखाली बोटं घाला. दोन बोटं ओढ लागून जावीत. शेवटी एक-एक पुढचा पाय उचलून पुढे ताणा, म्हणजे तंगाखालची वळी पडलेली कातडी सरळ होते.

रिकीब कुठून लटकते

इथे ट्रीलेस जिनांत सगळ्यात जास्त फरक आहे. काहींत बाजूला एक कडी शिवलेली असते, अरुंद पट्टीवर. काहींत रुंद पट्टा बैठकीखालून पाठीवरून आडवा जातो आणि दोन्ही टोकांना रिकिबी लागतात. काहींत तीन-चार कड्या असतात किंवा कडी पुढेमागे सरकवता येते. वेस्टर्न धाटणीत रुंद चामड्याचे पदर असतात.

अरुंद पट्टीवरची कडी टाळा. उभं राहिलं की सगळं वजन तीन बोटांच्या जागेत शिरतं. पाठीवरून आडवा जाणारा पट्टा रुंद असेल तर बरा, पण दोन्ही रिकिबीत वजन पडलं की तो ताठ होऊन मधे मणक्यावर टेकू बघतो. तेव्हा नमद्यातली मोकळी वाट खरोखर मोकळी राहते का ते बघणं आलं. पुढेमागे सरकणारी कडी मिळाली तर तिलाच पहिली पसंती.

तपासायची रीत सोपी आहे, दोन माणसं लागतात. स्वाराला चढवा, मदतनीसाने सपाट हात नमद्याच्या खाली, रिकिबीच्या जोडाच्या सरळ खाली सरकवावा. स्वाराने बसून राहावं, मग रिकिबीत उभं राहावं, मग पुन्हा बसावं. उभं राहिल्यावर हात चिरडल्यासारखा झाला आणि बसल्यावर मोकळा झाला, तर तिथे एकवटलेला दाब आहे. नमद्यात त्या जागी आणखी एक पट्टी घालून पुन्हा बघा. तरीही तसंच असेल तर त्या जिनावर लांब दुडकीत उठबस करू नका आणि उड्या तर मुळीच नको. बसून चालण्यापुरतं ते ठीक.

पुढेमागे कुठे हवी? रिकिबी काढून ठेवा. बैठकीच्या सगळ्यात खोल भागात बसा, पाय सैल सोडा. कान, खांदा, कमर, टाच एका उभ्या रेषेत येतील तेव्हा पायाचं जे ठिकाण, तिथे रिकिबीचा पट्टा सरळ खाली लटकला पाहिजे. जोड याच्या पुढे असेल तर पाय पुढे जातात, बूड मागे जातं आणि घोड्याच्या कमरेवर भार पडतो. बाजारातली पुष्कळ ट्रीलेस जिनं अशी, खुर्चीत बसवणारी असतात. जोड मागे असेल तर धड पुढे कलंडतं. हे तुलनेने कमी दिसतं.

आता तंगाकडे परत. रिकिबीचा जोड व्हीच्या दोन पायांच्या मधे यावा. पुढच्या पायावर तो आला तर खांद्यामागच्या त्या एका पट्ट्यात तंगाची कायमची ओढ आणि त्यावर दर पावलाला रिकिबीचा धक्का बसतो. दोन्ही जमत नसेल तर मी आधी रिकिबीची जागा ठरवेन आणि तंगाच्या कडीत फेरफार करेन, कारण कडी बोटभर हलवता येते पण स्वाराचं धड नेमकं बैठकीवर हवंच असतं. रिकिबीची शिवलेली कडी सरकवून घ्यायला मोच्याकडे न्यायची असेल तर जागा तुम्ही खडूने दाखवा, त्याच्या अंदाजावर सोडू नका. ओझं पेलणारा सांधा चौकोन आणि त्यात फुली अशा शिलाईचा, पॉलिस्टरच्या जाड दोऱ्याचा हवा. नुसत्या रिव्हेटवर भिस्त ठेवू नका.

रिकीब निसटली पाहिजे

सांगाड्याच्या इंग्लिश जिनांत रिकिबीचा पट्टा एका लोखंडी दांडीवर अडकवलेला असतो आणि स्वार पडून ओढला गेला तर तो मागे निसटतो. ट्रीलेसवर बहुधा बंद कडी असते. पाय अडकला तर पट्टा निसटत नाही आणि घोडा माणसाला फरपटत नेतो. इथे कंजूषपणा करू नका. बाहेरच्या बाजूला रबराची रिंग असलेली रिकीब घ्या, ती दाब पडला की सुटते, किंवा पुढून जाळी असलेली घ्या, म्हणजे पाय आरपार जातच नाही. समुद्रकाठच्या हवेत रबर लवकर तडकतं, एक जास्तीची जोडी डबीत ठेवा. दुसऱ्या कुणी तुमचं जीन बांधलं असेल तर रबर बाहेरच्या बाजूला आहे ना, हे चढण्याआधी बघा.

रिकीब बुटाच्या सगळ्यात रुंद भागापेक्षा दोन ते अडीच सेंटिमीटर रुंद असावी. अरुंद असेल तर पाय अडकतो, फार रुंद असेल तर आरपार जातो. ४.७५ इंच हे माप बहुतेक मोठ्यांना चालतं, पण ते बूट घालून मोजा. टाचेचा, गुळगुळीत तळाचा बूट हवा. किनाऱ्यावर चप्पल किंवा फ्लोटर घालून घोड्यावर बसलेली माणसं दिसतात, त्यांना बघून तुम्ही बसू नका. वजनदार स्टेनलेस स्टीलची रिकीब पायाखाली सरळ लटकते आणि सुटली तरी पुन्हा सापडते. हलकी प्लास्टिकची उलटी वळते, पोरांनाच ठीक.

पट्टा पॉलिस्टरचा किंवा प्लास्टिकचा लेप दिलेला घ्या. नायलॉन ओला झाला की ताणतो आणि चामडंही ताणतंच. लांबी जमिनीवरूनच बसवा: बोटांची टोकं जोडावर ठेवा, रिकिबीचा तळ काखेत आला पाहिजे. मग वर बसून एखादं भोक वर-खाली.

चढण्याचा प्रश्न ट्रीलेसमध्ये नेहमीपेक्षा मोठा आहे. जमिनीवरून चढताना जीन डावीकडे खेचलं जातं आणि विदर्सच्या उजव्या बाजूवर सगळ्यात जास्त दाब येतो, हे दाब मोजून दाखवलेलं आहे. सांगाडा नसलेलं जीन यात सरळ फिरतंच. चार चिरे एकावर एक रचून दगडी पायरी करा, किंवा कुंपणाच्या गडग्याशी घोडा लावायला शिकवा. पायरी नसेल तिथे दुसऱ्याने उजवी रिकीब दाबून धरावी.

सडा, घाट आणि वाळू

सत्तरी-डिचोलीकडे सड्यावरून शेतात उतरताना उतार तीव्र असतो. ट्रीलेस तिथे पुढे घसरतं. तंग आवळण्याऐवजी दुमची, म्हणजे जिनापासून शेपटीखालून जाणारा पट्टा, लावा, पण जिनाच्या मागच्या टोकाला तिच्यासाठी कडी आहे का ते आधी बघा. नसेल तर मऊ कापडात शिवून घेऊ नका, ती फाटते. कडी व्हीच्या मागच्या पायाच्या जोडाला बांधून घ्या. दुमचीचा शेपटीखालचा भाग रोज धुवा, तिथली कातडी नाजूक. चढावर मागे सरकणाऱ्या सडपातळ घोड्याला छातीपट्टा लावा, पण मूठभर सैल, म्हणजे श्वासनळी आणि खांदा मोकळा राहील.

मांद्रे, मोरजीकडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू निवडा. कोरड्या भुसभुशीत वाळूत घोडा डोलतो आणि जीन दर पावलाला कुशीवरून कुशीवर जातं. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे तंगाखाली सुकले की मीठ आणि वाळू मिळून कानसच तयार होते. परतल्यावर आधी तंगाची जागा गोड्या पाण्याने धुवा, मग तंग धुवा, आणि सुकेपर्यंत पुन्हा बांधू नका.

घामाचा नकाशा वाचताना

नवी रचना बसवली की वीस-पंचवीस मिनिटं स्वारी करून जीन काढा आणि घामाचे डाग बघा. दोन्ही बाजूंना सारखा ओलावा आणि मणक्यावर कोरडी पट्टी, हे ठीक. ओल्या भागात रुपयाएवढा कोरडा ठिपका दिसला तर तिथे एकतर जास्त दाब आहे किंवा जीन टेकतच नाही. तो रिकिबीच्या जोडाखाली असेल तर पहिली शंका खरी. मात्र आपल्याकडे मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात हा नकाशा वाचता येत नाही, घोडा शेपटीपर्यंत चिंब असतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बघा, किंवा केसांवर जा. मागे वळलेले, चोळले गेलेले केस घामापेक्षा खरं सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घोडा थंड असताना, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी सपाट बोटांनी हळूहळू दाबत मागे जा. पाठ खाली घालणं, कान मागे नेणं, कातडी थरथरवणं दिसलं की जागा लक्षात ठेवा आणि जिनावर तिथे काय येतं ते ताडून पाहा. बहुतेक वेळा तिथे एखादा पट्टा, बकल किंवा शिलाईची गाठ सापडते. पांढरे केस यायची वाट बघू नका, ते नुकसान होऊन गेल्यावर उगवतात.

पावसाळ्यात

जूनपासून सप्टेंबरपर्यंत चामड्यावर बुरशी धरणारच. दुरुस्ती किंवा नवी मागवणी करायची असेल तर ती पाऊस संपण्याची वाट न बघता आधीच करा. भारतातलं बरंचसं जिनाचं सामान कानपूरला बनतं आणि मापं पाठवून पट्टे बनवून घेता येतात. मागणीत बकलं आणि कड्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा पितळी हव्यात असं लिहून द्या. मुलामा दिलेलं लोखंड आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत भोकाला चिकटतं. जीन जमिनीपासून वर, भिंतीपासून सुटं ठेवा. तंग आणि रिकिबीचे पट्टे बकलातून सोडून लांब टांगा. बुरशी ओल्या फडक्याने पुसा, जिनाच्या साबणाने धुवा, सावलीत सुकवा आणि मग तेलाचा पातळ हात फिरवा. जास्त तेल चामडं लुळं करतं आणि बुरशीला खाद्य देतं. उघडीप मिळाली की वारा दाखवा, ऊन नको.

गणपतीनंतर पुन्हा स्वारी सुरू करण्याआधी प्रत्येक पट्टा भोकांपाशी मुडपून बघा. आतल्या बाजूला बारीक तडे दिसले तर तो पट्टा बाद. लांबट झालेली भोकं, सुटलेला दोरा, कडीच्या आत घासून पातळ झालेला पट्टा, हेही तसंच. डावा रिकिबीपट्टा चढण्याने नेहमी जास्त ताणतो, म्हणून दर महिन्याला डावा-उजवा बदला, आणि दोघांच्या लांबीत एका भोकाचा फरक पडला की जोडीच बदला.